घरगुती कार्यशाळेत मापानुसार सायकलीच्या चौकटीची निर्मिती : तंत्र, मर्यादा आणि शक्यता (विशेष संदर्भ : जिंतूर तालुका)

प्रस्तावना :

मराठवाड्याच्या ग्रामीण भागात सायकल आली ती ठरावीक मापात आली. काळा रंग, २८ इंची चाके आणि २२ इंची चौकट हे तिचे रूप कित्येक दशके बदलले नाही. सहा फूट उंचीचा शेतकरी आणि नववीत शिकणारा त्याचा मुलगा या दोघांनाही तीच सायकल वापरावी लागे. आडव्या दांडीखालून एक पाय पलीकडे घालून 'हाफ पायडल' मारत सायकल शिकलेली पिढी आज महाविद्यालयांतून अध्यापन करीत आहे. त्या वेळी ही गोष्ट गमतीची वाटत असली तरी तिच्यामागील तत्त्व गंभीर आहे. यंत्र माणसाच्या मापाचे नसेल तर माणसाला यंत्राच्या मापाचे व्हावे लागते.

ज्या व्यक्तीने सायकल चालवायची तिच्या शरीराची मापे घेऊन चौकट घडविणे ही या तत्त्वाची उलट बाजू होय. युरोप, अमेरिका व जपान येथे हे काम लहान कार्यशाळांमधून, कित्येकदा घराच्या मागील खोलीतून चालते. त्यासाठी लागणारी साधने फार मोठी नाहीत. मात्र लागणारे ज्ञान नेमके आहे. हे ज्ञान जिंतूरसारख्या तालुक्याच्या गावी कितपत उपलब्ध आहे, कितपत मिळविता येईल आणि त्याचा उपयोग कोणासाठी करावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उद्दिष्टे :

१) सायकलीच्या चौकटीची रचना व तिच्यावर कार्य करणारी बले स्पष्ट करणे.
२) शरीराच्या मापांवरून आराखडा कसा तयार होतो हे उदाहरणासह मांडणे.
३) घरगुती कार्यशाळेत सांधणी व तपासणीची प्रक्रिया विशद करणे.
४) जिंतूर परिसरातील उपलब्ध कौशल्यांच्या संदर्भात या कामाच्या शक्यता व मर्यादा तपासणे.

प्रस्तुत लेखाचे स्वरूप विवेचनात्मक असून त्यातील आकडेमोड पदवी स्तरावरील विद्यार्थ्यास करता येईल इतकी साधी आहे.

चौकटीची रचना :

इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे जॉन केम्प स्टार्ली यांनी १८८५ मध्ये 'रोव्हर' ही सायकल तयार केली. जवळपास समान आकाराची दोन चाके व मागील चाकाला साखळीने मिळणारी गती हे तिचे वैशिष्ट्य होते. पुढील काही वर्षांत चौकटीला दोन त्रिकोणांचा आकार प्राप्त झाला आणि तो आजतागायत टिकून आहे. पुढील त्रिकोण आडवी दांडी, खालची तिरपी नळी व सीटची नळी यांचा बनतो. हँडलची छोटी नळी त्याच्या पुढील टोकाला असते. मागील त्रिकोण साखळीलगतच्या दोन नळ्या व सीटकडे जाणाऱ्या दोन बारीक नळ्या यांनी पूर्ण होतो. त्रिकोण हा असा आकार आहे की बाजूंची लांबी बदलल्याशिवाय त्याचा आकार बदलत नाही. म्हणूनच बारीक नळ्यांची ही रचना स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट भार पेलते.

नळी पोकळ का असते, याचे उत्तर साध्या गणिताने मिळते. २८.६ मिमी बाह्य व्यास व ०.९ मिमी जाडी असलेल्या पोलादी नळीत जितके धातू असते, तितक्याच धातूची भरीव सळई केली तर तिचा व्यास सुमारे १० मिमी भरेल. दोहोंचे वजन समान, म्हणजे मीटरला सुमारे ६१५ ग्रॅम. परंतु वाकण्यास विरोध करण्याची नळीची क्षमता सळईच्या सुमारे १५ पट असते. धातू मध्यापासून जितका दूर तितका तो अधिक उपयोगी, हा यातील बोध. याच्या पुढची पायरी म्हणजे सांध्याजवळ जाड व मध्यभागी पातळ अशी नळी. या प्रकारच्या नळीचे पेटंट इंग्लंडमधील आल्फ्रेड रेनॉल्ड्स यांनी १८९७ मध्ये घेतले. त्याच घराण्याच्या कंपनीचे '५३१' हे मिश्रपोलाद १९३५ मध्ये बाजारात आले व अनेक दशके हाताने घडविलेल्या चौकटींसाठी प्रमाण मानले गेले.

महाराष्ट्रातही चौकटींचे मोठे उत्पादन होत असे. मुंबईत वरळी येथे 'हिंद सायकल्स'चा कारखाना होता. १९८० च्या कायद्याने त्या कंपनीचे व बंगालमधील सेन-रॅले कंपनीचे राष्ट्रीयीकरण झाले. पुढे या उद्योगाचे केंद्र लुधियानाकडे सरकले. मोठ्या कारखान्याचे अर्थकारण एकाच मापाच्या लाखो प्रतींवर उभे असते. त्यात एका व्यक्तीच्या मापाला स्थान नसते. याउलट जपानमध्ये १९४८ साली कोकुरा येथे सुरू झालेल्या 'केइरिन' शर्यतींत पुरुष स्पर्धकांच्या चौकटी आजही पोलादी नळ्यांच्या असतात व त्या मान्यताप्राप्त कारागीर स्पर्धकाच्या मापानुसार हाताने तयार करतात. त्यामुळे हस्तनिर्मित चौकट ही केवळ गतकाळाची आठवण आहे, असे म्हणता येत नाही.

शरीराच्या मापापासून आराखड्यापर्यंत :

चौकट घडविण्याचे निम्मे काम कागदावर होते. सर्वप्रथम अनवाणी उभ्या असलेल्या व्यक्तीच्या पायाची आतील लांबी, म्हणजे जांघेपासून तळव्यापर्यंतचे अंतर मोजले जाते. त्यानंतर धड, हात व खांद्याची रुंदी यांची मापे घेतली जातात. अमेरिकन सायकलपटू ग्रेग लेमाँड यांच्यामुळे प्रचलित झालेल्या सूत्रानुसार पायाच्या आतील लांबीला ०.८८३ ने गुणले असता क्रँकच्या मध्यापासून सीटच्या पृष्ठभागापर्यंतची उंची मिळते. चौकटीची उंची साधारणपणे त्याच लांबीच्या ०.६५ पट धरली जाते. ही सूत्रे शर्यतीच्या सायकलीसाठी रूढ झालेली आहेत. खाचखळग्यांच्या रस्त्यावर वारंवार पाय टेकावा लागत असल्याने सीट थोडी खाली ठेवणे इष्ट ठरते.

एक उदाहरण घेऊ. एखाद्या विद्यार्थिनीच्या पायाची आतील लांबी ७० सेंमी आहे. सूत्रानुसार सीटची उंची सुमारे ६२ सेंमी व चौकट सुमारे ४५.५ सेंमी, म्हणजे १८ इंची असावयास हवी. आता प्रचलित २२ इंची चौकट पाहू. सीटची नळी ५६ सेंमी लांब व जमिनीशी ६८ अंशांत कललेली असल्यास तिची उभी उंची ५२ सेंमी होते. क्रँकचा मध्य जमिनीपासून सुमारे ३० सेंमीवर असतो. म्हणजे आडवी दांडी जमिनीपासून ८० सेंमीच्या आसपास येते. ७० सेंमी पायाच्या मुलीला त्या दांडीच्या दोन्ही बाजूंस पाय टेकून उभेच राहता येणार नाही. 'हाफ पायडल'चे गणित ते हेच.

यावर कारखान्यांनी शोधलेला उपाय म्हणजे आडवी दांडी खाली वाकविलेली 'लेडीज सायकल'. तिने साडी वा पोशाखाचा प्रश्न सुटला, परंतु पुढील त्रिकोण मोडला. त्याची भरपाई जाड व जड नळ्यांनी करावी लागते. शिवाय सीटपासून हँडलपर्यंतचे अंतर आणि क्रँकची लांबी बहुधा तीच राहते. मापानुसार काम करणारा कारागीर येथे वेगळा मार्ग घेऊ शकतो. हँडलच्या नळीपासून निघून सीटच्या नळीच्या दोन्ही बाजूंनी मागील चाकाच्या आसापर्यंत जाणाऱ्या दोन बारीक समांतर नळ्या बसविल्यास दांडी खाली येते आणि चौकटीचा ताठरपणाही बराच टिकतो. चाके २६ किंवा २४ इंची घेतल्यास वळताना पायाचा चवडा पुढील चाकाला लागत नाही.

हँडलच्या नळीचा कोन हा आराखड्यातील सर्वांत संवेदनशील घटक आहे. या नळीची रेषा जमिनीपर्यंत वाढविली असता ती चाकाच्या स्पर्शबिंदूच्या पुढे टेकते. या दोन बिंदूंमधील अंतरामुळे सायकल सरळ धावण्याकडे कल ठेवते. ३३० मिमी त्रिज्येचे चाक, ७२ अंशांचा कोन व चिमट्याचा ५० मिमी पुढावा असल्यास हे अंतर सुमारे ५५ मिमी येते. बाकी सर्व तेच ठेवून कोन ६८ अंश केला तर ते ७९ मिमी होते. पहिली सायकल हलक्या हाताने वळते. दुसरी सरळ रस्त्यावर स्थिर, पण गर्दीत जड वाटते. चार अंशांचा फरक डोळ्यांना क्वचितच जाणवतो, हातांना मात्र तो लगेच कळतो.

सांधणीची प्रक्रिया :

कार्यशाळेसाठी भक्कम बाक, व्हाइस, करवत, गोल व अर्धगोल कानशी, गुण्या, ओळंबा, पाणसळ, व्हर्नियर आणि गॅसची ज्योत इतकी साधने पुरेशी आहेत. नळ्या जुळवून धरण्यासाठी साचा लागतो. लोखंडी कोनपट्ट्यांचा वा जाड सपाट फळीवर ठोकळे बसवून केलेला साचाही चालतो. तो पिळलेला नसावा इतकीच अट.

पहिली पायरी टोके घासण्याची. एक नळी दुसऱ्या नळीच्या गोलाईवर बसावयाची असल्याने तिचे टोक माशाच्या उघड्या तोंडासारखे कापून कानशीने घासावे लागते. जोडातून प्रकाश दिसणार नाही इतका तो जुळला पाहिजे. नवशिक्याचा सर्वाधिक वेळ येथे जातो आणि तो जाणेच योग्य आहे, कारण येथील कसर पुढे वितळलेल्या धातूने भरून काढता येत नाही.

दुसरी पायरी सांधण्याची. सामान्य पोलाद सुमारे १५०० अंश सेल्सिअसला वितळते. पितळी सळई ९०० अंशांच्या आसपास व चांदीमिश्रित सळई ६२० ते ७०० अंशांच्या दरम्यान वितळते. त्यामुळे नळी न वितळविता केवळ सांधणारा धातू वितळवून जोड करता येतो. यालाच ब्रेझिंग म्हणतात. जुन्या काळ्या सायकलींत नळ्यांच्या टोकांवर टोपीप्रमाणे बसणारे पोकळ सांधे, म्हणजे 'लग', असत. नळी व लग यांमधील ०.०५ ते ०.१५ मिमी फटीत वितळलेली चांदी केशाकर्षणाने ओढली जाते. फट याहून मोठी असल्यास ओढ कमी होते व जोड दुबळा राहतो. लगचे कोन मात्र ठरलेले असतात. अगदी लहान चौकट वा खाली घेतलेली दांडी करावयाची तर लग उपयोगी पडत नाहीत. अशा वेळी जोडाभोवती पितळेची गुळगुळीत गोलाई भरून सांधणी केली जाते.

धातू तापताना त्यावर गंज चढू नये म्हणून अभिवाहक वापरतात. पितळेसाठी तो प्रामुख्याने टाकणखाराचा असतो. आपल्याकडील सोनार सवागी लावून डाग देतो ती प्रक्रिया तत्त्वतः हीच होय. सळई ज्योतीने वितळवावयाची नसून नळीच्या उष्णतेने वितळवावयाची, हा या कामाचा मूलमंत्र आहे. नळी मंद लाल झाली की सळई आपोआप पसरते. ती याहून फार तापविल्यास पोलादाचे कण वाढून ते ठिसूळ होते व पितळातील जस्त उडू लागते.

क्रमही महत्त्वाचा आहे. आधी क्रँकच्या मध्यनळीला सीटची नळी, नंतर हँडलची नळी व खालची नळी, त्यानंतर आडवी दांडी आणि शेवटी मागील त्रिकोण असा क्रम बहुधा पाळला जातो. प्रत्येक जोडाला प्रथम शिंप्याप्रमाणे दोन-चार 'टाके' घालून माप तपासावे व मगच तो पूर्ण करावा. क्रँकची मध्यनळी ब्रिटिश पद्धतीत ६८ मिमी रुंद असते. पायडल मारताना कप सैल होऊ नये म्हणून तिच्या उजव्या बाजूचे आटे डावे असतात. सांधणीच्या उष्णतेने हे आटे बिघडू शकतात. शेवटी ते पुन्हा साफ करून घ्यावे लागतात.

चौकट सरळ आहे किंवा नाही हे दोऱ्याने तपासता येते. मागील चाकाच्या एका खाचेतून दोरा निघून हँडलच्या नळीला वळसा घेऊन दुसऱ्या खाचेत ताणावा. सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्यांचे अंतर समान असले पाहिजे. फरक १ मिमीच्या आत असल्यास काम समाधानकारक समजावे.

बांबूचा पर्याय :

ज्योत न वापरता चौकट करण्याचा मार्ग बांबूने खुला केला आहे. बांबूच्या सायकली इंग्लंडमध्ये १८९४ मध्येच दिसल्या होत्या. अमेरिकेतील क्रेग कॅल्फी यांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस हे तंत्र पुन्हा रूढ केले. महाराष्ट्रात भारतीय वायुदलात सेवा केलेले शशिशेखर पाठक यांनी पुण्यात बांबूच्या चौकटींच्या सायकली हाताने घडविल्या. त्या 'बांबूची' या नावाने परिचित झाल्या. नळ्यांच्या जागी वाळविलेला व बोरिक आम्ल-टाकणखाराच्या द्रावणाने कीडरोधक केलेला बांबू वापरतात. सांध्यांवर तंतू गुंडाळून त्यांत इपॉक्सी मुरवितात. क्रँकची मध्यनळी, हँडलची नळी व चाकाच्या खाचा धातूच्याच असतात. कोकणातील माणगा व अन्यत्र आढळणारा मानवेल हे जाड भिंतीचे बांबू आहेत. २०१७ च्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरील बांबू वन कायद्यातील 'वृक्ष' या व्याख्येतून वगळला गेल्याने त्याची तोड व वाहतूक सुलभ झाली. मराठवाड्यातील शेतकऱ्याला परिचित असलेल्या अंबाडीच्या तंतूंवर सांध्यांसाठी प्रयोग करण्यासही वाव आहे.

मात्र येथे एक स्थानिक अडचण आहे. सामान्य तापमानाला घट्ट होणारी बरीचशी इपॉक्सी ५० ते ६० अंश सेल्सिअसला मऊ होऊ लागते. परभणी जिल्ह्यातील मे महिन्याच्या उन्हात उभ्या केलेल्या गडद रंगाच्या सायकलीचा पृष्ठभाग या मर्यादेजवळ पोहोचू शकतो. तेव्हा उष्णता सहन करणारी इपॉक्सी, फिकट रंग व बांबूची टोके बंद करणे या तीन गोष्टी येथे ऐच्छिक राहत नाहीत.

जिंतूरच्या संदर्भात :

जिंतूर तालुक्यात एकीकडे नेमगिरीच्या टेकड्या व डोंगराळ भाग, तर दुसरीकडे पूर्णा नदीवरील येलदरी धरणाचा परिसर आहे. चढउताराचे रस्ते, काळ्या मातीचा चिखल आणि गावापासून दूर असलेली शाळा या परिस्थितीत सायकलीचे माप हा केवळ सोयीचा प्रश्न राहत नाही. राज्य शासनाच्या मानव विकास कार्यक्रमाचा विस्तार २०११ मध्ये १२५ तालुक्यांत झाला. शाळेपासून ५ किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू विद्यार्थिनींना सायकल देण्याची तरतूद या कार्यक्रमात करण्यात आली. ही योजना स्वागतार्हच आहे. तथापि आठवीतील व बारावीतील मुलीच्या उंचीत जो फरक असतो, तो एकाच मापाच्या सायकलीत सामावत नाही.

चौकट घडविण्यास लागणारी कौशल्ये तालुक्याच्या गावी विखुरलेल्या स्वरूपात आढळतात. सवागी व चांदीचा डाग सोनाराला ठाऊक आहे. दारे, खिडक्या व शेतीची अवजारे बनविणाऱ्या फॅब्रिकेशनच्या दुकानांत नळी कापणे व जोडणे रोजचे आहे. चाकाचा आउट काढणे सायकल दुकानदाराच्या हातचा मळ आहे. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे सायकलीची चौकट स्वतः बदलून घेण्याची परंपरा महाराष्ट्राच्या शेतात आधीच रुजलेली आहे. जुन्या सायकलीचे चाक, चिमटा व हँडल घेऊन त्याला पास जोडलेले 'सायकल कोळपे' अनेक शेतांत दिसते. जळगाव जिल्ह्यातील शेंदुर्णी येथील गोपाळ मल्हारी भिसे यांच्या 'कृषिराजा' या सायकल कोळप्याची राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाने दखल घेतली. बैल परवडत नसलेल्या शेतकऱ्याच्या शरीराला व खिशाला जुळेल असे हे अवजार होय. मापानुसार चौकट घडविण्याचा विचार म्हणूनच आपल्याकडे परका ठरत नाही.

परंतु कोळपे मोडले तर काम थांबते. धावती सायकल मोडली तर माणूस पडतो. नेमका हा फरक तालुक्याच्या गावी लक्षात घेतला जात नाही. जाड पाइपाची दारे जोडणारे विजेचे वेल्डिंग ०.९ मिमी जाडीच्या नळीला भोक पाडते. ते वरून चांगले दिसले तरी जोडालगतचा भाग कमकुवत राहू शकतो. उणीव हातांच्या कौशल्याची नसून मोजमापाची व परीक्षणाची आहे, आणि ती भरून काढण्याचे साधन महाविद्यालयाकडे आहे. भौतिकशास्त्र विभागाला नळीचा ताठरपणा, गणित विभागाला आराखडा, रसायनशास्त्र विभागाला अभिवाहक, शारीरिक शिक्षण विभागाला शरीरमापन आणि वाणिज्य विभागाला खर्चाचा हिशोब हे विषय एकाच वस्तूत मिळतात.

मर्यादा व दक्षता :

हे काम स्वस्ताई म्हणून करू नये. साधने, सळया, गॅस व वेळ यांचा हिशोब केल्यास घरी केलेली एक चौकट कारखान्याच्या तयार सायकलीपेक्षा महाग पडेल. तिचे समर्थन एकाच गोष्टीने होते : जिच्या मापाची सायकल कोणताही कारखाना काढत नाही अशी व्यक्ती. फार बुटकी वा फार उंच व्यक्ती, एक पाय आखूड असलेली व्यक्ती, हाताने चालविण्याची तीनचाकी वापरणारी दिव्यांग व्यक्ती यांच्यासाठीच हे श्रम सार्थकी लागतात.

सुरक्षिततेविषयी पुढील बाबी कटाक्षाने पाळाव्यात :

१) पुढील चिमटा घरी करू नये, तो तयार व चाचणी झालेला घ्यावा. चिमटा मोडण्यापूर्वी बहुधा पूर्वसूचना मिळत नाही.
२) जस्ताचा मुलामा असलेली जी.आय. पाइप वापरू नये. तापल्यावर तिच्यातून निघणाऱ्या धुराने ताप व अंगदुखी होते. कॅडमिअमयुक्त चांदीची सळई त्याहून घातक असल्याने ती पूर्णतः टाळावी.
३) काम मोकळ्या हवेत करावे. ऑक्सिजनच्या झडपेला तेल वा ग्रीस लावू नये व नळीत ज्वाला मागे येऊ न देणारी झडप बसवावी. घरगुती गॅस सिलिंडर अशा कामासाठी वापरणे नियमबाह्य आहे.
४) पहिली चौकट चालविण्यासाठी नसून कापून पाहण्यासाठी असते. जोड करवतीने उभा चिरून सांधणारा धातू सर्वत्र पोहोचला आहे की नाही हे पाहावे.
५) आयएसओ ४२१० या आंतरराष्ट्रीय मानकात पायडलच्या बलाची १,००,००० आवर्तने चौकटीने सहन करावीत अशी चाचणी आहे. घरी ती शक्य नसली तरी भार टांगून वाक मोजणे आणि ठरावीक काळाने रंगाला पडलेल्या तड्यांची पाहणी करणे शक्य आहे.

विद्यार्थिनीसाठी घडविलेली चौकट तिच्या हाती देण्यापूर्वी ती घडविणाऱ्याने स्वतःच्या वजनाने काही महिने चालवावी. जोखीम प्रथम कर्त्याने घ्यावी, वापरणाऱ्याने नव्हे, हा या कामाचा नैतिक नियम मानला पाहिजे.

निष्कर्ष :

१) मापानुसार चौकट घडविण्यास मोठी यंत्रे लागत नाहीत, अचूक माप, घासणीतील सबुरी व उष्णतेवरील ताबा लागतो.
२) प्रचलित २२ इंची चौकट ७० सेंमी पायाच्या विद्यार्थिनीला साध्या गणितानेच अयोग्य ठरते. सायकल वाटपाच्या योजनांमध्ये किमान दोन-तीन मापांचा पर्याय असणे आवश्यक आहे.
३) जिंतूरसारख्या गावी सांधणी, कापणी व चाकजोडणीची कौशल्ये मिळू शकतात. त्यांना मोजमाप व परीक्षणाची जोड देण्याचे कार्य महाविद्यालये करू शकतात.
४) घरगुती निर्मिती कारखान्याला पर्याय होऊ शकत नाही. कारखान्याच्या मापात न बसणाऱ्या व्यक्तींसाठी ती पूरक ठरू शकते.
५) या कामाचा प्रारंभ चौकट जोडण्याने न करता मापे घेण्याने करावा. एखाद्या वर्गातील विद्यार्थ्यांच्या पायांची लांबी व त्यांच्या सायकलींची उंची यांची नोंद शेजारी शेजारी मांडली, तरी किती जणांना आपल्या सायकलीवर नीट बसताही येत नाही हे स्पष्ट होईल. त्यासाठी मोजपट्टीखेरीज अन्य कोणत्याही साधनाची गरज नाही.